ठेवलं म्हणजे कसं?

४ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस. फोन मी तीनदा हातात घेतला आणि तीनदा परत ठेवला. फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. मी रडते, तू ओरडतेस, आणि मागून दादा ‘काय झालं, काय झालं’ करत खोलीभर फिरतो. कागदावर निदान वाक्य पुरं करता येतं.

तर वाक्य असं, की मला सतरा दिवसांपासून कामावर येऊ नकोस म्हणून सांगितलंय. सतरा दिवस मी तुम्हा दोघांपासून लपवलं. रागाव हवं तर, पण आधी सगळं वाच.

आमच्या वृद्धाश्रमात माझ्या मजल्यावर एकोणीस जण आहेत. त्यातले सात नंबरच्या खोलीतले आजोबा माझे लाडके. घास गिळताना त्यांना त्रास व्हायचा, म्हणून सगळं मऊ वाटून भरवायचं आणि जेवणानंतर अर्धा तास ताठ बसवून ठेवायचं. तशी चिठ्ठीच होती त्यांच्या भिंतीवर. पंधरा फेब्रुवारीला दुपारी माझ्या जोडीच्या बाईला मोठ्या सिस्टरने खालच्या मजल्यावर पाठवलं. एकोणीस माणसं आणि मी एकटी. आजोबांना भरवलं, मग त्यांना कॉटवर ठेवलं आणि अकरा नंबरची घंटा वाजत होती म्हणून तिकडे पळाले. वीसेक मिनिटांनी परत आले तर आजोबांना ठसका लागलेला, ओठ निळे. अन्न फुप्फुसात गेलं होतं. अँब्युलन्स आली. अजून ते दवाखान्यातच आहेत, न्यूमोनिया झालाय.

वृद्धाश्रमांवर देखरेख करणारं जे सरकारी कार्यालय आहे, तिथे चौकशी चालू आहे. जबाब कोणत्या भाषेत देणार म्हणून विचारलं. मराठीचा दुभाषी मिळेना, आणि माझं जर्मन अजून भाजी घेण्यापुरतं. म्हणून इंग्रजीत दिला. मी म्हटलं, ‘आय पुट हिम ऑन द बेड.’ एवढंच. काल त्या जबाबाचं जर्मन भाषांतर आलं. त्यात काय आहे, माहितेय? ‘लेग्टे’! म्हणजे आडवं केलं, निजवलं! वहिनी, मी असं बोललेच नव्हते. माझ्या तोंडी कुणीतरी शब्द घातला, आणि आता त्या एका शब्दावर माझं काम, परवाना, इथे राहणं, सगळं लटकलंय.

मला बसवत नाही. सकाळपासून कपाट भिंतीपासून खिडकीशी नेलं, मग पुन्हा भिंतीशी आणलं. माझ्या खोलीतली मुलगी म्हणाली, तिसऱ्यांदा हलवलंस तर मीच बाहेर जाते.

तू सरकारमान्य, शिक्केवाली भाषांतरकार. काय करू ते सांग.

तुझी,
धाकुली

*

८ मार्च

प्रिय धाकुले,

सतरा दिवस! रागावणार होते, पण तुझ्या दादाने पत्र माझ्या आधी वाचलं आणि तो स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभा राहिला, तेव्हा राग तिथेच राहिला.

आता नीट ऐक. तू म्हणतेस ते शंभर टक्के खरं आहे. ‘पुट’ हा शब्द म्हणजे घरातला तो एक मोठा ड्रॉवर. कात्री त्यात, सुतळी त्यात, किल्ल्या, जुनी बिलं, सगळं त्यात. जर्मन माणसाच्या घरात असा ड्रॉवरच नसतो. बाटली उभी ठेवायची तर श्टेलन. पुस्तक आडवं ठेवायचं तर लेगन. माणूस खुर्चीवर ठेवायचा, म्हणजे बसवायचा, तर झेट्सन. हात खिशात किंवा पत्र पाकिटात घालायचं तर श्टेकन. कोट खुंटीला, तर हेंगन. वस्तू उभी की आडवी हे ठरवल्याशिवाय त्या भाषेत ती हातातून सुटतच नाही. आणि इंग्रजीतल्या त्या पुटला मागे आउट, ऑफ, अप अशी एक शेपटी लावली की झालीच पंचाईत. एका शेपटीने दिवा विझतो, दुसरीने काम पुढे ढकललं जातं, तिसरीने पाहुण्याला घरी उतरवून घेतलं जातं, चौथीने नवऱ्याला सहन केलं जातं. जर्मनमध्ये प्रत्येकाला वेगळं क्रियापद. माझी पहिली तीन वर्षं त्यातच गेली.

आणि तुझा दादा! नवीन आलो तेव्हा त्याने शेजारणीला चिठ्ठी लिहिली, तुमची सायकल दारात ठेवली आहे. ठेवली म्हणून लेगन वापरलं. बाई तीन मजले धावत खाली, कुणी माझी सायकल आडवी पाडली म्हणून!

तेव्हा ज्याने तुझ्या जबाबाचं भाषांतर केलं तो एक तर शिकाऊ आहे, नाही तर झोपेत काम करणारा. मूळ शब्द मोघम असेल तर भाषांतरकाराने खाली टीप द्यायची असते. ‘मूळ शब्दावरून बसवले की निजवले हे स्पष्ट होत नाही’ अशी एक ओळ. ती न देणं म्हणजे निव्वळ हलगर्जीपणा. अशांमुळेच आमचा धंदा बदनाम होतो. असल्यांचे शिक्के काढून घेतले पाहिजेत, असं मी आमच्या सभेत उभी राहून दोनदा म्हटलंय.

तू लेखी हरकत घे. मसुदा सोबत जोडलाय, फक्त सही कर. आणि त्या पानाची प्रत मला पाठव, खालच्या शिक्क्यासकट. शिक्क्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. पण क्रमांकावरून मी शोधून काढीन.

जेव वेळेवर. तू नऊ वर्षांची असताना मी त्या घरात आले. रुसलीस की न जेवता पलंगाखाली शिरायचीस. आता कुणी ओढून काढायला नाही तिथे.

तुझी,
वहिनी

*

१३ मार्च

प्रिय वहिनी,

हरकत दिली. तुझा मसुदा वाचून चौकशीच्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, ‘हे कुणी लिहून दिलं?’ मी म्हटलं, ‘घरातल्यांनी.’ त्या म्हणाल्या, ‘घरातली माणसं हुशार आहेत.’ कागदावर आवक शिक्का मारला आणि सांगितलं, की भाषांतरकाराकडून खुलासा मागवू. चूक निघाली तर त्याच्यावर कारवाईही होईल. होऊ दे! मला बिलकूल वाईट वाटणार नाही.

प्रत सोबत आहे. क्रमांक अगदी खाली, डावीकडे.

आजोबांची तब्येत कधी बरी, कधी खाली. डॉक्टर म्हणतात, निजल्यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, बसलेल्या माणसाच्याही फुप्फुसात जाऊ शकतं. हे ऐकून मला एवढा धीर आला की मी बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि तशीच परत आले. हल्ली रोज जाते. बसमध्ये बसलं की पायांना वाटतं आपण कुठेतरी निघालोय.

पण मंगळवारी त्याच बसमध्ये आजोबांची मुलगी चढली. पन्नाशीची आहे, उंच, हातात औषधांची पिशवी. मला बघून माझ्या बाजूच्या दांड्याला धरून उभी राहिली. म्हणाली, ‘तुम्हीच होतात ना त्या दुपारी? मला एक विचारायचं होतं...’ पुढचं मी ऐकलंच नाही. बस थांबली आणि मी उतरले. माझा थांबा नव्हता. चार थांबे चालत आले. काय विचारणार होती ते मला माहीत आहे. सगळे तेच विचारतात.

खरं सांगू? मी त्यांना ठेवून बाहेर पडले तेव्हा ते हसत होते. हे जबाबात कुठेच नाही. कुणी विचारलंच नाही.

खोलीतल्या मुलीने पडदे धुवायला बंदी घातली आहे. आठवड्यात दोनदा धुतले म्हणे मी.

तुझी,
धाकुली

*

१७ मार्च

धाकुले,

प्रत मिळाली.

हरकतीचं पुढे रेटू नकोस. मागे घे असं म्हणत नाही, पण आणखी काही लिहून देऊ नकोस, कशावर सही करू नकोस. मी जरा विचार करते आहे. अंगात कणकण आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

एक सांग. आजोबांची कॉट कशी होती? डोक्याकडचा भाग वर होणारी? तो तेव्हा वर होता का? आठवेल तसं लिही, सजवू नकोस.

दादा विचारतो, पैसे पाठवू का.

वहिनी

*

२१ मार्च

वहिनी,

तुझ्या पत्राचा मला अर्थच लागला नाही. आठ तारखेला तू तलवार उपसून उभी होतीस, आणि सतराला म्हणतेस रेटू नकोस? मध्ये काय झालं? क्रमांकावरून तो माणूस सापडला ना? तुमच्या सभेतला कुणी ओळखीचा निघाला, असंच ना? मग स्पष्ट म्हण, की धंद्यातल्या माणसाला वाचवायचंय. आपल्या माणसाची बाजू नंतर.

आणि कॉटचं काय विचारतेस? चौकशीच्या बाई विचारतात, मोठ्या सिस्टर विचारतात, आता तूही? मी त्यांना कॉटवर ठेवलं, एवढंच मी सांगितलं होतं, आणि तेवढंच लिहिलं जायला हवं होतं. माझं म्हणणं इतकंच आहे.

मोठ्या सिस्टर काल येऊन गेल्या. दारातच उभ्या राहून बोलल्या. म्हणाल्या, ‘हरकत चांगली घेतलीस. आता त्या शब्दाला धरून राहा. जास्त बोलू नकोस, त्यातच तुझं भलं आहे, आमचंही.’ ‘आमचंही’ म्हणताना त्यांनी जिन्याकडे बघितलं. एकोणीस जणांमागे एकच बाई का होती, हे त्यांना कुणी विचारायला नकोय. मला कळतं ते.

सुनावणी दोन एप्रिलला आहे. भाषांतरकाराला खुलाशाची नोटीस गेली आहे. तुझ्याकडून मला फक्त एक पत्र हवंय, की ‘पुट’चा अर्थ लेगन होतोच असं नाही. शिक्का मारून. देणार असशील तर दे. नाही तर तसं कळव, म्हणजे मी वाट बघणार नाही.

दादाला सांग, पैसे नकोत.

धाकुली

*

२४ मार्च

प्रिय धाकुले,

हे पत्र मी दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा लिहितेय आणि तुझा दादा समोर बसलाय, म्हणजे फाडता येणार नाही.

तो क्रमांक माझा आहे.

आपलेच दात, आपलेच ओठ. ज्याला मी शिकाऊ म्हटलं, झोपेत काम करणारा म्हटलं, ज्याचा शिक्का काढून घ्यायला निघाले होते, ती मी. भाषांतराची एजन्सी कागद पाठवते तेव्हा नावांवर काळ्या पट्ट्या असतात. माणसाचं नाव नाही, आश्रमाचं नाही, गावाचं नाही. त्या दिवशी अकरा कागद होते. एक घटस्फोट, दोन जन्माचे दाखले, एक भाड्याचा करार, आणि त्यात हा जबाब. आता मला आठवतोय तो. कॉफी गार झाली होती आणि पाचच्या आत सगळं पोचवायचं होतं. ‘पुट हिम ऑन द बेड’ वाचलं, म्हातारा माणूस, पलंग, दुपार, म्हणून हाताने आपोआप लेग्टे लिहिलं. एक क्षणही थांबले नाही. टीप नाही, काही नाही. बावीस वर्षं हे काम करतेय, नवीन पोरांना याच शब्दावर धडा देते, आणि माझ्याच पोरीच्या जबाबावर माझा हात घसरला.

तू पाठवलेली प्रत उघडली तेव्हा पायाखालची जमीन सरकली. त्यानंतरचं सतरा तारखेचं पत्र मी घाबरून लिहिलं. तुला नाही, मला वाचवायला. कणकण बिणकण काही नव्हती. हे कबूल केलेलं बरं.

काल कार्यालयाला खुलासा पाठवला. मूळ शब्दावरून बसवलं की निजवलं हे कळत नाही, मी टीप द्यायला हवी होती, दिली नाही, चूक माझी. शिवाय जबाब देणारी माझी नणंद आहे हे मला नंतर कळलं, तेही लिहिलं. शिक्का बहुतेक काही काळ जाईल. जाऊ दे. दादा म्हणाला, ‘बरं झालं, आता तरी वेळेवर जेवशील.’ विनोद करायचा म्हणून केला त्याने, नंतर बराच वेळ बूट पुसत बसला.

म्हणजे तुला हवं होतं ते झालं. तो शब्द आता तुझ्याविरुद्ध उभा राहू शकत नाही.

पण आता दुसरं. हे मी कार्यालयाला लिहिलेलं नाही, कधी लिहिणारही नाही. हे फक्त तुला.

तुझी तीन पत्रं समोर घेऊन बसले आहे. पहिल्यात लिहितेस, आजोबांना कॉटवर ठेवलं. दुसऱ्यात, त्यांना ठेवून बाहेर पडले. तिसऱ्यात पुन्हा, कॉटवर ठेवलं. धाकुले, इंग्रजीत माणूस पुट होतो. पण आपल्या भाषेत जिवंत माणसाला कुणी कॉटवर ठेवत नाही. आपण बसवतो, नाही तर निजवतो. तू त्या घरात वाढलेली, मराठीत कधी अडलेली नाहीस. इंग्रजीत तुला शब्द मिळाला नसेल, मानलं. पण मला लिहिताना मराठीत तुला दोन सोपे शब्द समोर दिसत होते आणि तू तिन्ही वेळा वळसा घालून गेलीस. आठ तारखेला हे माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मी बघितलं नाही. मला तेव्हा भांडायचं होतं.

मला उत्तर नकोय. मी कोण विचारणारी? मी तर स्वतःचा क्रमांक लपवला. पण दोन तारखेला तुला कुणीतरी विचारेल, आणि आता आड घ्यायला माझी चूकही आहे. ती हवी तर वापर. मी मनापासून सांगते, वापरलीस तर एका शब्दाने बोलणार नाही.

फक्त एवढंच वाटतं, की तेव्हापासून तू कपाटं हलवतेस, पडदे धुतेस, शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत येतेस. भाषांतरकारावरच्या रागाने कुणी इतकं फिरत नाही.

तुझी,
वहिनी

*

२९ मार्च

वहिनी,

आजोबा गेले. काल सकाळी, दवाखान्यात. सुनावणी दोन तारखेलाच आहे.

तुझं पत्र मिळालं. वाचलं.

धाकुली

*

१० एप्रिल

प्रिय वहिनी,

तू फोन केलेस ते सगळे मी बघितले. उचलले नाहीत. आधी हे लिहायचं होतं, सलग, मध्ये कुणी न बोलता. दादाचा निरोप मात्र मिळाला, की तुझा शिक्का सहा महिन्यांसाठी जमा झाला. मला काय लिहावं ते कळत नाही. नंतर समोर बसून बोलू.

सुनावणीची खोली लहान होती. लांब टेबल, पाण्याचा जग, खिडकी घट्ट बंद. पलीकडे तिघं, मधले साहेब म्हातारे. एका बाजूला मोठ्या सिस्टर आणि आश्रमाचा वकील, भिंतीशी आजोबांची मुलगी. तिच्या अंगावर काळा कोट होता, तो तिने काढलाच नाही. साहेबांनी तुझा खुलासा वाचून दाखवला. वकील लगेच म्हणाला, ‘म्हणजे विषयच मिटला. त्या शब्दावरून काहीच सिद्ध होत नाही.’ मोठ्या सिस्टरने माझ्याकडे बघून मान हलवली. साहेब माझ्याकडे वळले. ‘तुम्हाला काही सांगायचंय?’ दुभाषीण माझ्या शेजारी पेन घेऊन तयार होती.

मी तिला थांबवलं. म्हटलं, मी जर्मनमध्येच बोलते. उभी राहिले. टेबल धरलं. आणि म्हटलं, ‘इश हाबे इन हिनगेलेग्ट. फ्लाख.’ मी त्यांना निजवलं. सपाट.

मग माझ्या मोडक्या जर्मनमध्ये, चुकीच्या प्रत्ययांसकट, सगळं सांगितलं. जबाब देताना बाईंनी ‘आणि मग?’ असं विचारलं तेव्हा बसवणं आणि निजवणं असे दोन्ही शब्द माझ्या तोंडाशी आले होते. त्यातला खरा कुठला ते मला माहीत होतं. मी तिसराच उचलला. मुद्दाम उचलला असं पहिल्या दिवशी मला वाटलंही नव्हतं. पण भाषांतर आलं आणि मला राग आला, तेव्हा कळलं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

का निजवलं तेही सांगितलं. आजोबांची पाठ फार दुखत होती, तीनदा म्हणाले, ‘आडवं कर गं मला.’ मी चिठ्ठीकडे बोट दाखवलं. तर ते हसायला लागले. म्हणाले, मी उभा जन्म पुलांची तपासणी केली. पुलाखाली फळी टांगायची, त्यावर दिवसभर उताणं पडून वरच्या भेगा बघायच्या. तीस वर्षं दुपारची भाकरी उताणीच खाल्ली, मला काय होतंय! मलाही हसू आलं. तिकडे अकरा नंबरची घंटा थांबत नव्हती. म्हटलं, पाच मिनिटं आडवं करू, मग येऊन बसवू. पाचची वीस झाली. मजल्यावर दुसरं कुणी नव्हतं, हेही सांगितलं. त्यावर वकील उठायला लागला, साहेबांनी हाताने खूण करून त्याला खाली बसवलं.

शेवटी साहेब म्हणाले, ‘म्हणजे मूळ भाषांतर बरोबरच होतं.’

मी म्हटलं, ‘नाही. मी जे सांगितलंच नव्हतं ते त्यात होतं. ते मी आज सांगितलं.’

त्यांनी हे लिहून घेतलं. वहिनी, हे मी तुझ्यासाठी बोलले नाही. ते तसंच होतं म्हणून बोलले.

निकाल परवा आला. इथलं काम गेलं. वर्षभर कुठल्याही रुग्णाजवळ एकटीने काम करायचं नाही, प्रशिक्षण पहिल्यापासून पुन्हा. परवाना कायमचा रद्द केला नाही. आश्रमाला सांगितलंय, जेवणाच्या वेळी मजल्यावर दोघी हव्यातच. मोठ्या सिस्टरने जिन्यात मला ओळख दाखवली नाही.

आता जे लिहायला हे पत्र घेतलं ते.

काल दुपारी दारावर टकटक झाली. आजोबांची मुलगी. मी पत्ता दिला नव्हता, कुठून मिळवला कोण जाणे. तिला आत घेतलं. खोलीत एकच खुर्ची आहे, ती तिला दिली आणि मी खोक्यावर बसले, सामान बांधायला घेतलंय ना. मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, ‘मी त्या दिवशी बसमध्ये तुम्हाला एकच विचारणार होते. सात आठवडे सगळे मला नियम सांगताहेत. उशी किती उंच, घंटा किती वाजता, कोण कुठे होतं. माझे वडील त्या दुपारी कसे होते, हे एकानेही सांगितलं नाही. दवाखान्यात त्यांच्या तोंडात नळी होती. ते शेवटचं जे बोलले ते तुमच्याशी.’

मी बसमधून उतरून पळाले होते, वहिनी. ती हे विचारणार होती आणि मी पळाले.

मग मी तिला सगळं परत सांगितलं. सुनावणीत सांगितलं होतं तेच, पण सावकाश. फळीचं, उताणं जेवायचं. ती मध्येच म्हणाली, ‘तीस नाही, चोवीस वर्षं. दरवेळी वाढवून सांगायचे.’ आणि हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. मी उठले नाही. मला हक्क नव्हता. ती रडली, नाक पुसलं, कोटाची बटणं लावली.

‘तुम्ही त्यांना बसवलं होतं असं सांगितलं असतंत,’ ती म्हणाली, ‘तर मी जन्मभर त्यांना एकटं, ताठ, भिंतीकडे बघत बसलेलं बघितलं असतं.’ मग उठून, ‘मी तुम्हाला माफ करत नाही.’

मी म्हटलं, ‘बरोबर आहे.’

ती दारापर्यंत गेली. हात कडीवर ठेवून उभी राहिली, माझ्याकडे न बघता विचारलं, ‘दुखायचं थांबलं होतं का? आडवं केल्यावर?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘निजवल्याबरोबर. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, आता कसं बरं वाटलं.’

ती जिना उतरून जाईपर्यंत मी दारात उभी होते. नंतर आत येऊन खुर्चीवर बसले. बराच वेळ नुसती बसून राहिले, वहिनी, कुठेही न जाता.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. दोन बॅगा आहेत, दादाला स्टेशनवर पाठव.

तुझी,
धाकुली